खिडकीची नाकपुडी

साल एक्याण्णव. मी सव्वीस वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत, लगीन झालेलं, एक लेकरू झालेलं, आणि आपल्याइतका सरळ रंधा मारणारा सुतार चार गावांत नाही अशी माझी खात्री होती. ती खात्री आजही आहे, फक्त आता बोलून दाखवत नाही. मिसरूड फुटलं की पोरगं मोठं झालं असं धरतात. माझं मिसरूड फार आधी फुटलं होतं, पण मोठा मी त्या हिवाळ्यात झालो, आणि तेही एका भोकामुळं. ज्वारीचा दाणा जाईल एवढं भोक.

आमचं घर जवळा बाजारपासून पायी दोन तासांवर. पुढं पत्र्याचा मांडव, तिथं काम, मागं दोन खोल्या. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता. आमचे कागद परभणीला जायचे आणि माघारी यायला सहा-सहा महिने लावायचे. सकाळी घरात दोन आवाज आधी उठायचे. एक मायच्या हातचा, परातीत भाकर थापायचा, आणि दुसरा दादाच्या रंध्याचा. आमी बापाला दादा म्हणायचो. दादाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचा, माझे डोळे बोटात आहेत. आणि खरंच, तो लाकडावर अंगठा फिरवून सांगायचा की इथं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, चढ आहे. मी गुण्या लावून बघायचो, तर बराबर एक सूत. मला त्याचा राग यायचा. आंधळा माणूस आपल्यापेक्षा नीट बघतो हे सव्वीस वर्षांच्या माणसाला सोसत नाही. थंडीच्या दिवसांत माय येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्या-मसाल्याची, आमटी करायची, सोबत जवसाची चटणी आणि तेल. त्या जवसाच्या तेलावरून पुढं घरात भांडण झालं, ते सांगतोच.

आमच्या गावाबाहेर निजामाच्या वेळचा दगडी बंगला होता. त्यात सरकारी दवाखाना. त्या बंगल्याच्या बारा खिडक्या माझ्या आजानं केलेल्या. सागवानी, वर कमान, खाली दोन झडपा, एकेका झडपेत काचेची सहा घरं, आणि घराघराच्या काठाला अशी गोलाई की बोट लावलं तर सोडावंसं वाटू नये. पण पन्नास वर्षांत त्यातल्या बऱ्याच झडपा खालच्या बाजूनं सडल्या होत्या. फटींतून वारं यायचं. बाळंतपणाची खोली नेमकी उत्तरेला. माझी बायको कौसा आदल्या पौषात तिथंच बाळंत झाली होती. खोलीत शेगडी असायची, लाईट असली तर एक हिटर लावायचे, पण लाईट गेली की घटकाभरात खोली बाहेरच्यासारखी गार. कौसा मला म्हणाली होती, "फटीतलं वारं सरळ लेकराच्या टाळूवर येत होतं. मी रातभर हात धरून बसले टाळूवर. सुताराची बायको मी, आन् खिडकीला फट." हे तिनं एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायची गरज नव्हती.

तर त्या साली सरकारनं खिडक्या बदलायचं काढलं. ओव्हरसियर साहेब मोटारसायकलवर आले, सोबत लोखंडी खिडकीचा एक नमुना. तो त्यांनी शेजारच्या मलमपट्टीच्या खोलीत बसवून टाकला. मी बघायला गेलो. पातळ पट्टीची चौकट, एकेरी काच, मधे बोट जाईल एवढी सापट. तिथल्या आजाच्या दोन झडपा तोवर काढून अंगणात फेकल्या होत्या, आधी कधीतरी निखळलेल्या सहा-सात झडपांच्या ढिगावर.

मी म्हणालो, "साहेब, या खिडक्या मी करून देतो. जशाच्या तशा. आन् वारं बी अडवतो."

ते हसले. "किती शिकलास?"

"चौथी."

"मग पाचवीत काय शिकवतात तुला ठाऊक नाही. लाकूड म्हणजे फट असणारच. जुन्यासारखं नवं करशील, पण थंडी कशी अडवशील?"

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. लातूरकडच्या, बोलायला कमी, पण नजर धारदार. त्या म्हणाल्या, "एक करू द्या ना त्याला. बाळंतपणाच्या खोलीची. शेजारी तुमची लोखंडी आहेच. बघू कोणती खोली ऊब धरते." ओव्हरसियर घड्याळाकडं बघत म्हणाले, बरं, एक कर. ठरलं असं, की माझी खिडकी टिकली आणि खोली उबदार राहिली तर उरलेल्या अकराही मी आजाच्या खिडक्यांबरहुकूम करायच्या. नाही तर बाराच्या बारा लोखंडी, आणि आजाचं लाकूड जळणाला. म्हणजे माझं नाव तर पणाला होतंच, त्याच्यासोबत आजाचंही लागलं. आजा केव्हाच मेला होता, त्याला कोणी विचारलं नाही.

फेकलेल्या झडपा मी बैलगाडीत घालून घरी आणल्या. मायनं बघितल्या आणि म्हणाली, "चांगलं झालं, पंधरा दिवसाचा सैपाक होतो." दादा ओसरीवरून म्हणाला, "एका बी काडीला हात लावायचा न्हाई." आणि त्या झडपा त्यानं आपल्या बाजेखाली लावून घेतल्या.

नक्कल करणं सोपं वाटतं. पण त्या लाकडावर रंगाचे इतके थर बसलेले की खरी गोलाई कुठली आणि रंगाची गोलाई कुठली हे कळेना. मी काचेच्या तुकड्यानं खरवडत बसलो. हिरवा, मग पांढरा, मग निळा, परत हिरवा. सगळ्यात खाली आजाचं तेलपाणी लागलं. मग मेणबत्ती वितळवून त्या काठावर दाबली, साचा घेतला, आणि त्या साच्यावरून रंध्याचं पातं घासून घेतलं. एका पात्याला चार दिवस. खरवडताना खालच्या पट्टीत मला एक बारीक भोक दिसलं, तिरकं, बाहेरच्या बाजूला उतरतं. रंगानं बुजलेलं. मी म्हटलं, किडा पडलेला असेल. पुढं गेलो. आजही ते आठवलं की मला माझ्या कानाखाली वाजवावंसं वाटतं. किडा कधी इतकं मापात तिरकं भोक पाडतो का?

थंडी अडवायची युक्ती मला दवाखान्यातच मिळाली. बाईंचा चहाचा थर्मास पडून फुटला होता. मी तुकडे उचलून बघितले तर आत काचेची दोन भांडी, एकात एक, आणि मधे पोकळी. बाईंना विचारलं, मधे काय असतं? त्या म्हणाल्या, "काहीच नसतं. हवासुद्धा काढून घेतलेली असते." काहीच नसतं म्हणजे काय, हे मला समजलं नाही, पण दोन काचा आणि मधे कोंडलेली जागा एवढं समजलं. चार थर घालून थंडी जाते आणि एक जाड चादर घेऊन जात नाही, हे तर आमच्या घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी झडप आजापेक्षा चार सूत जाड केली. बाहेरून बघितलं तर तीच खिडकी, तीच सहा घरं, तीच गोलाई. पण प्रत्येक घरात काचा दोन, मधे अर्ध्या इंचाची पोकळी, आणि सहाही पोकळ्या आतून एकमेकींत उघडणाऱ्या. झडप चौकटीला भिडते तिथं चारी बाजूंनी घोंगडीची पट्टी बसवली. घोंगडी आमच्या शेजारच्या धनगराची, मेंढरामागं फिरून विटलेली. खिडकी लावली की घोंगडी अशी दबायची की कागदाचा तुकडाही हलायचा नाही. मायचं म्हणणं, "खिडकीला थंडी वाजून राहिली का रे माणक्या, घोंगडी पांघरतूस तिला?"

काचा बसवायला लांबी लागते. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून करतात. मी मायची तेलाची बरणी निम्मी केली. त्या संध्याकाळी जवसाची चटणी कोरडी वाढली गेली. माय म्हणाली, "खिडकी जेवली. आता आपण जेवू."

दादा सगळं ऐकत होता. शेवटच्या दिवशी तो उठून आला, झडपेवर हात फिरवला. गोलाईवर त्याचं बोट जरा थांबलं, तेव्हा माझी छाती फुगली. मग त्याचं बोट खालच्या पट्टीवर गेलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, परत माघारी.

"नाकपुडी ठेवली न्हाईस?"

"कसली नाकपुडी?"

"खिडकीला नाक लागतं. तुझा आजा ठेवायचा. भोक पाडलं की स्वतः तोंड लावून फुंकायचा. भुसा बाहेर उडाला म्हणजे खिडकी श्वास घ्यायला लागली. मगच मजुरी मागायचा. तवर न्हाई."

मला वाटलं, नारळ फोडतात, हळदकुंकू लावतात, तसलंच हे एक. आणि मी इतके दिवस वारं अडवायला मरत होतो, तर हा मला भोक पाडायला सांगून राहिला. मी म्हणालो, "दादा, थर्मासला नाक असतं का?"

माय हसली. कौसाही हसली असावी, पदर तोंडाला होता.  दादानं हात झटकले, बाजेवर जाऊन बसला, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद केलं. माझ्याकडून पटाशी हवी असली तर मायला सांगायचा, "तुझ्या मिस्त्रीला म्हणावं, पटाशी दे." मीही मायलाच म्हणायचो, "त्याला म्हणावं, घे." आमच्या मधे हातभर अंतर. माय वैतागून म्हणायची, तुमच्या दोघांच्या मधी मी काय टपालखातं आहे का?

खिडकी बसवली. बाईंनी भिंतीवर टांगायचे दोन पारे आणले, एक माझ्या खोलीत, एक लोखंडी खिडकीच्या खोलीत. दोन्ही खोल्या सारख्या मापाच्या. संध्याकाळी दोन्हींत सारखी शेगडी तासभर ठेवली, मग काढून घेतली, दारं लावली. सकाळी बाईंनी पारे वाचले. माझ्या खोलीतला पारा पाच घरं वर होता. ओव्हरसियर तेव्हा नव्हते, पण बाईंनी कागदावर लिहून ठेवलं. मी घरी जाताना मुद्दाम बाजेसमोरून गेलो आणि कौसाला मोठ्यानं सांगितलं, "पाच घरं." दादा सुतळीला पीळ देत होता. तो देत राहिला.

आज टीव्हीवर दुहेरी काचेच्या खिडक्यांची जाहिरात येते. नातू म्हणतो, बघा बाबा, काय शोध लावलाय. मी मान डोलावतो. मला माझीही गोष्ट पूर्ण सांगायची तर त्यातली पुढच्या तीन हप्त्यांची शरम सांगावी लागते.

तिसऱ्या हप्त्यात बाईंचा निरोप आला. गेलो. दोन्ही काचांच्या मधे धुकं भरलं होतं. बाहेरचं झाड दिसेना. जवळून बघितलं तर आतल्या अंगानं थेंब, थेंबांचे ओघळ, आणि ओघळ खालच्या पट्टीत जाऊन बसलेले. त्या खोलीत दिवसभर सुया-कात्र्यांचं पाणी उकळायचं, माणसं असायची, श्वास असायचा. माझी लांबीही पुरती वाळलेली नव्हती. कुठून कुठून ओल आत शिरली आणि तिला बाहेर जायला वाट नव्हती. मी फडकं घेऊन पुसायला गेलो. पुसतो कुठं, ती तर आत.

नेमके ओव्हरसियर त्या दिवशी आलेले. त्यांनी कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाले, "मिस्त्री, तुझ्या खिडकीला मोतीबिंदू झाला की रे."

दवाखान्यातले सगळे हसले. मला घरातले दोन डोळे आठवले. मी कोणाकडं न बघता चौकट चाचपत राहिलो.

"उद्या सकाळी मोठे साहेब येणार आहेत," ते म्हणाले. "त्यांनी हे बघितलं की विषय संपला. माझी लोखंडी बघ कशी स्वच्छ आहे." ती स्वच्छ होती. त्या खोलीत कोणी थांबतच नव्हतं.

बाईंनी मला बाजूला घेतलं. "काचा काढून, वाळवून परत बसवता येतील का उद्यापर्यंत?"

येत होत्या. आतल्या अंगाची लांबी उचकटायची, निखाऱ्यावर पट्टी वाळवायची, काचा पुसून परत बसवायच्या. तीन तासांचं काम. उद्या साहेबांना झाड दिसलं असतं, अकरा खिडक्या मला मिळाल्या असत्या, आणि बाराही खिडक्या पुढच्या महिन्यात आंधळ्या झाल्या असत्या. मी पातळ सुरी हातात घेतली, एका घराची लांबी थोडी उचलली, आणि खाली कोपऱ्यात बोट गेलं. तीन हप्त्यांचं सागवान, आणि कोपरा काळा पडायला लागलेला. तसला काळा मी आधी कुठंतरी बघितला होता. सुरी खिशात घातली आणि घरी निघालो. बाईंनी विचारलं, काय करतोस? मी म्हणालो, "उद्या सकाळी येतो."

दिवस मावळायला घरी पोचलो. माय चुलीपुढं होती, दादा बाजेवर. मी चपला काढल्या आणि सरळ त्याच्यापुढं जमिनीवर बसलो. तीन हप्ते बोललो नव्हतो, तर शब्द कुठला आधी घ्यावा कळेना.

"दादा, खिडकी घामेजली."

त्यानं तोंड मायकडं केलं. "तुझ्या मिस्त्रीला विचार, कुठं."

"काचांच्या मधी," मी म्हणालो. "खालचा कोपरा काळा पडून राहिला. माझं चुकलं."

माय भाकर तव्यावर टाकायची थांबली. दादानं पाय बाजेखाली सोडले. मग म्हणाला, "बाजेखालच्या झडपा काढ."

मी काढल्या. पहिली त्यानं मांडीवर आडवी घेतली. "ही सडली?"

"सडली."

"नाकपुडी चाचप."

रंगानं गच्च बुजलेली होती. मायची गोधडीची सुई घेऊन टोचली, सुई जाईना. दुसरी झडप घेतली. ती तशीच. मग तिसरी. तिची खालची पट्टी आजानं कालच घासून दिल्यासारखी, कुठं काळं नाही, मऊ नाही. मी सुई लावली, आणि सुई आरपार गेली. रंगाऱ्याचा कुंचला तिथं चुकला असेल. चौथी सडलेली, बुजलेली. मी एकेक करून सगळ्या बघितल्या, मोकळ्या नाकपुडीची एकही सडलेली नव्हती. पन्नास वर्षं पावसाचं पाणी, आतला घाम, जे काही पट्टीत उतरलं ते त्या दाण्याएवढ्या भोकातून बाहेर गेलं. आणि मी त्याला किडा म्हटलं होतं.

"पण दादा, भोक पाडलं तर ऊब जाईल ना? वारं अडवायला तर एवढं केलं."

आता तो सुतारासारखा बोलला, बापासारखा नाही. "आतली काच घट्ट ठेव. बाहेरच्या अंगाला नाक ठेव. माणूस घोंगडी पांघरतो तवा नाक बाहेर ठेवतो का न्हाई? मरतो का थंडीनं?"

"आन् उद्या साहेब आल्यावर..."

"साहेबाच्या पुढं पाड. चोरून काहून पाडायचं? तुझा आजा चोरून फुंकत नव्हता."

मी म्हणालो, बारीक गिरमिटाची धार गेलेली आहे, सकाळी लवकर उठून लावतो. दादानं उशीखाली हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेलं गिरमिट माझ्यापुढं धरलं. धार लावलेली होती, तेल पाजलेलं होतं. केव्हा लावली ते मी विचारलं नाही. फडक्यावर तेलाचे डाग चांगले जुने दिसत होते. माय चुलीपुढूनच म्हणाली, "बोलले वाटतं. आता तुमचं तुमी वाढून बी घ्या."

आमी एका ताटात जेवलो. येसराची आमटी, भाकर, आणि चटणीवर तेल. तेल मायनं स्वतः ओतलं, हात आखडता न घेता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेलो तेव्हा मोठे साहेब खिडकीपुढंच उभे होते, आणि ओव्हरसियर त्यांना मोतीबिंदूचा विनोद परत सांगत होते. मी रामराम केला आणि म्हणालो, "साहेब, खिडकीत चूक झाली. माझी आहे. ती तुमच्यापुढं दुरुस्त करतो. मग काय ते ठरवा." बाहेर गेलो, ते दोघंही मागोमाग आले, मी गुडघ्यावर बसलो, खालच्या पट्टीला कोपऱ्यापासून चार बोटांवर गिरमिट टेकवलं, तिरकं, वर पोकळीच्या दिशेनं. दोन काचांच्या मधे अर्धा इंच जागा. हात सूतभर चुकला असता तर काच गेली असती. मी दादासारखे डोळे मिटून घेतले आणि बोटानं ऐकत फिरवत गेलो. एका जागी गिरमिट एकदम हलकं झालं. काढून घेतलं, तर भोकातून आधी एक थेंब आला, मग दुसरा, मग बारीक धार लागली आणि माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली. साहेब वाकून बघायला लागले. धार थांबेपर्यंत मी हललो नाही. मग दुसऱ्या कोपऱ्यात तसंच भोक पाडलं, पट्टीला तोंड लावलं आणि छातीत होती तेवढी हवा फुंकली. पहिल्या भोकातून ओला भुसा उडाला, तो ओव्हरसियरच्या बुटावर पडला. मी तोंड पुसलं आणि दुसऱ्या झडपेकडं सरकलो.